मागच्या बाजूला लिहिलेलं

मी एक जुना केसपेपर आहे. चार घड्या पडलेला, कडेनं पिवळा झालेला. मित्रांनो, आणि मैत्रिणींनो तर खासच, मला दोन बाजू आहेत. पुढं नाव आणि तारखा, मागं सूचना. माझं सगळं दुःख मागच्या बाजूचं आहे.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी कोरा पडून होतो. २००४ सालच्या जूनमध्ये माझ्यावर नाव पडलं, स्नेहल, राहणार हुपरी. घरात चांदीचे पैंजण करायचा कारखाना, नवरा सम्मेद, दोन लेकरं. दुसऱ्या बाळंतपणापासून पाळीत तिच्या अंगावरून इतकं जायचं, की आठ-आठ दिवस उठवत नसे. तोंड पांढरंफटक पडलं होतं. बाईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, पाळी आली की सात दिवसांच्या आत या. त्याप्रमाणं चौथ्या दिवशी न्हाऊन पाचव्या दिवशी ती आली, आणि बाईंनी गर्भाशयात हार्मोनचं छोटं साधन बसवलं. त्यानं जाणं हळूहळू कमी होतं, दिवसही राहत नाहीत.

"सहा आठवड्यांनी साधनाचा दोरा तपासायला या," बाई म्हणाल्या. "पहिले तीन ते सहा महिने थेंब थेंब जाईल, मधेच डाग पडतील. घाबरून काढायला लावू नका. मागं सगळं लिहिलंय."

स्नेहलच्या पोटात कळा येत होत्या, डोकं गरगरत होतं. तिनं नुसती मान हलवली. सम्मेद बाहेर बाकड्यावर बसला होता. बायकांच्यातलं मला काय कळतंय, हे त्याचं ठरलेलं! बाईंनी सांगितलेलं निम्मं एसटीतच सांडलं. राहिलो मी. पण घरात सासरे, कामाला माणसं, असला कागद दिसला तर काय म्हणतील, म्हणून स्नेहलनं मला पैंजणांच्या जुन्या नमुन्यांच्या डब्यात तळाला घातलं. अहो, मी वाचायचा कागद! डब्यात मी कुणाला काय सांगणार होतो?

थेंब सुरू झाले. दोन दिवस जायचे, तीन दिवस कोरडे, परत डाग. आता घराची रीत अशी, की डाग दिसला की बाई बाहेरची. स्वयंपाकघरात जायचं नाही, मंदिराची पायरी चढायची नाही. स्नेहल महिन्यातले पंधरा दिवस कोपऱ्यात बसू लागली. सव्वीस जुलै, तपासणीची तारीख, माझ्या पोटावर ठळक लिहिली होती. ती म्हणाली, "अजून जातंयच की. थांबल्यावर जाऊ." माझ्या मागं तिसऱ्याच ओळीत होतं, डाग जात असले तरी ठरल्या दिवशी या.

सप्टेंबरात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व आलं. सासूबाई अक्काताईंनी दहा उपास धरायचं ठरवलं. तोंडानं फटकळ, पण सुनेवर जीव. गल्लीभर सांगत सुटल्या, "उपास सोडीन तर स्नेहलच्याच हातनं! दुसऱ्या कुणाचं पाणी घ्यायची न्हाय मी."

ते ऐकून स्नेहलचा धीर सुटला. राजारामपुरीला जायला तोंड नव्हतं, तारीख चुकवली होती ना. ती दुसऱ्याच दवाखान्यात गेली आणि साधन काढून आली. पर्वाला तेव्हा चार दिवस राहिले होते.

आणि झालं काय? पारण्याच्या आदल्या दिवशी तिला पूर्वीसारखंच भडाभडा जाऊ लागलं. पारणं शेजारणीच्या हातनं सुटलं. स्नेहल कोपऱ्यातून बघत होती.

पुढची तीन वर्षं तेच. रक्ताच्या बाटल्या, गोळ्या, अंथरूण. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "बसवून बघितलं की. माझ्या अंगाला न्हाय मानवत." २००७ मध्ये गर्भपिशवी काढली. वय बत्तीस.

मी बाहेर आलो त्याच्या पुढच्या वर्षी. सम्मेदनं डबा उपडा केला, तर पैंजणांबरोबर मी जमिनीवर पडलो. अक्काताई म्हणाल्या, "काय हाय ते? वाच की."

त्यानं मागची बाजू वाचली. तीन ते सहा महिने डाग पडतील, हे आजारपण नव्हे, नंतर बहुतेकींचं जाणं कमी होतं.

"आणि काढलं कितव्या महिन्यात?" अक्काताईंनी विचारलं.

"तिसऱ्या," स्नेहल दारातून म्हणाली. "तुमच्या पारण्यासाठी, आत्ती."

अक्काताई म्हणाल्या, "अगं येडे, मला सांगायचं न्हाईस व्हय? माझ्या हातानं पाणी पिऊन उपास सोडला असता की मी!"

सम्मेद मला हातात धरून उभा होता. माझ्यावरच्या ओळी त्यानं परत एकदा मनातल्या मनात वाचल्या.

आता मी कारखान्यात कॅलेंडरशेजारी खिळ्याला आहे. अक्काताईंनीच लावलंय. पैंजण जुळवायला येणाऱ्या पोरीबाळींना त्या ओढून माझ्यासमोर उभं करतात, "वाचा गं मोठ्यानं!" पोरी लाजत वाचतात. स्नेहल तेवढ्यात उठून आत जाते.

मित्रांनो, दवाखान्यातून आणलेला कागद दडवू नका. उलटा करून वाचा, घरच्यांना वाचून दाखवा, तारीख चुकली तरी परत जा. मला आता रोज कुणीतरी वाचतं. पण ज्या नावासाठी मी लिहिला गेलो, ते नाव माझ्या पुढच्या बाजूला आहे, भिंतीकडं तोंड करून.