पिंगळा बोलला?

नळ तिसऱ्यांदा आवळून तो अंगणात येऊन बसला आणि लगेच उठला. कानात नवं मशीन आल्यापासून घर नुसतं कलकलत होतं. फ्रीज घुरघुरत होता, चपला फटफटत होत्या, स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येत होतं. छापखान्यात उभी हयात काढून कानांचं मातेरं झालेला माणूस, एवढे आवाज ठेवणार कुठे?

बायको दाराशी खुर्ची टाकून उशीच्या अभ्र्यांना बटणं लावत होती. तिचे कान पहिल्यापासून तिखट. टेलिफोन ऑफिसात ती आवाजावरून माणसं ओळखायची आणि घरी आल्यावर घुबडं. त्याला घुबडं ठाऊक होती ती तिच्या तोंडून. त्याच्या बऱ्या कानाशी ओठ नेऊन ती पिंगळ्यांचं चिरचिरं भांडण करून दाखवायची. गव्हाणी घुबडाची फाटकी किंचाळी काढताना तर दोघंही हसून बेजार व्हायची. आज तो पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकणार होता.

अंधारून येऊ लागलं.

“बोलला बघा पिंगळा,” सुईवरची नजर न काढता ती म्हणाली. “रोज याच वेळेला जुंपते त्यांची.”

त्याने कान टवकारले. रस्त्यावरून सायकल गेली. शेजारी बादली आपटली. पिंगळा नव्हता.

“कुठे?” तो तिच्यासमोर येऊन म्हणाला.

“मागच्या झाडावर. नेहमीचीच जोडी.”

तो झाडाखाली जाऊन उभा राहिला. मशीन काढलं, फुंकर मारली, बॅटरी बदलली, पुन्हा घातलं. पानं सळसळली तेवढीच. मुलीने हट्टाने आणून दिलेलं मशीन, आणि नेमकं हवं तेच ऐकू येऊ नये?

“आता दोघंही बोलताहेत,” ती म्हणाली.

“मशीनच बोगस,” तो पुटपुटला.

तेवढ्यात छपरावरून किंचाळी फुटली. फाटकी, लांबलचक, अंगावर काटा आणणारी. गव्हाणी घुबड! अगदी ती काढायची तशीच. तो हरखून वळला.

“ऐकलंस?”

ती दातांनी दोरा तोडत होती. मान खालीच.

किंचाळी पुन्हा आली, आधीपेक्षा जवळून. तिने शांतपणे पुढचं बटण उचललं.

तो जागच्या जागी खिळला. टीव्हीच्या मोठ्या आवाजावरून मुलगी इतकी वर्षं त्याच्यावर चिडत आली होती. बायकोने मात्र कधी चकार शब्द काढला नव्हता.

त्याने अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग स्टूल ओढून तो तिच्या पुढ्यात बसला.

“उद्या मशीन दाखवायला जायचंय. तूही चल.”

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

“मी कशाला?”

“सोबत.”

बराच वेळ ती मांडीवरची बटणं बोटाने इकडेतिकडे सरकवत राहिली.

“तिथे कानात आवाज सोडतात आणि ऐकू आला की बोट वर करायचं, असंच ना?”

“हो.”

“अंदाजाने केलं, तर कळतं का हो त्यांना?”

“कळतं,” तो म्हणाला. “मी करून बघितलंय.”