मोजमाप बरोबर होतं

मित्रांनो, मी एक जुना पेन आहे, आणि माझ्या पोटात शाईचा एक थेंबही नाही. कागदावर मला कितीही घासा, रेघ उठायची नाही. माझी एक काळी काचेची पाटी आहे. तिच्यावर टेकलो तरच माझी रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने तयार झाले. मी ताईच्या हाती लागलो आणि जन्माचं सार्थक झालं. ताई माणसांची चित्रं काढते. माझी रबरी मूठ तिच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

चित्रासाठी बसायची ती तिची मावशी. मावशी पोहायला शिकवते. अंगाने चांगली भरलेली, दंड जाडजूड, पोटाला वळ्या, आणि पाण्यात उतरली की भल्याभल्यांना मागे टाकणारी. पोहण्याच्या पोशाखात ती स्टुलावर ऐसपैस बसायची नि म्हणायची, "काढ गं निवांत. पण एक वळी जरी गाळलीस तर याद राख."

ताई हसायची. मग एक डोळा मिटून, हात लांब करून मला उभा धरायची आणि माझ्यावर अंगठा सरकवत मावशीचं माप घ्यायची. डोकं एवढं, खांदे एवढे, कंबर एवढी. म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्या चित्रातलं प्रमाण तंतोतंत होतं. ते माझ्याच अंगावर मोजलं होतं.

ताईने चित्र इंटरनेटवर टाकलं. खाली लोक लिहू लागले. "आधी शरीररचना शिका." "कंबर चुकली आहे." "ही पोहणार की बुडणार?" एकाने तर लिहिलं, "रंग सुरेख, पण एवढी मेहनत असल्या बाईवर कशाला?"

त्याआधी ताईने मनानेच एक सडपातळ मुलगी काढली होती. तिची मान इतकी लांब की डोकं कलंडावं, आणि कंबरेत आतडी मावली नसती. तिचं कोणी माप घेतलं नव्हतं. तिचं मात्र याच लोकांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. मला याचा अजून राग येतो.

ताई ते शेरे रोज उघडून वाचायची. मग एका दुपारी तिने मला उचललं आणि चित्रातल्या मावशीची कंबर आत ढकलायला लावली. दंड बारीक केले, वळ्या पुसल्या. पेनाचं काय, हात नेईल तिकडे जायचं. ते पुन्हा इंटरनेटवर टाकताच "वा, आता जमलं," असं लोकांनी लगेच लिहिलं.

मावशी आली. पडद्याजवळ वाकून चित्र बघू लागली.

"छान आहे. कोण ही?"

"तूच की गं. आधीचं लोकांना चुकीचं वाटलं, म्हणून..."

"चित्र चुकीचं वाटलं, का मी?"

"बस ना, नवीन काढते," ताई स्टूल पुढे ओढत म्हणाली.

मावशी बसली, पण स्टुलावर नाही. कोचावर बसली आणि शेजारची उशी ओढून पोटाशी घट्ट धरली.

"उशी ठेव ना बाजूला."

"असू दे. अशीच काढ."

ताईने एक डोळा मिटला, मला उभा धरला. माप घ्यायला कंबर दिसतच नव्हती. थोड्या वेळाने तिने मला खाली ठेवलं.

तेव्हापासून मी टेबलावरच्या पेल्यात पडून आहे. पण मित्रांनो, मला पुसा, जपा, असं काही मी सांगणार नाही. एवढंच मागतो. कोणाच्या चित्राखाली 'चुकलंय' असं लिहायच्या आधी जरा थांबा. त्या चित्रासाठी कोणीतरी बसलेलं असतं.