बावीस लग्नांचा आवाज

आलेवाडीत समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका घरात, टीव्हीखालच्या कप्प्यात, एक काळी चपटी डबी पडलेली आहे. ती मी. मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. नाव जरा रुक्ष आहे खरं, पण माझ्या पोटात आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. गाणी, फोटो, सिनेमे, जे द्याल ते मी तिच्यावर लिहून ठेवते. एकदा सांगितलेलं मी कधी विसरत नाही, असा मला फार गर्व होता. तो कसा उतरला तेच आज सांगते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, कारण धुळीचा एक कण आत गेला तर माझा जन्म फुकट. एवढ्या निगुतीने घडवलेली मी, आणि येऊन पडले कुठे, तर ज्याच्या अंगणात बोंबील वाळतात अशा घरात! सुरुवातीला मी नाक मुरडलं. खाऱ्या हवेने माझ्या केबलचं तोंड दोन वर्षांत गंजलं, तेव्हा मनातल्या मनात चरफडलेही. पण त्या घराने मला जे ठेवायला दिलं, तसं काही बोईसरच्या दुकानात माझ्या शेजारी बसलेल्या एकाही डिस्कला मिळालं नसेल.

मला विकत घेतलं प्रणवने. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर काम करतो. त्याची आई चंद्रकांता सुकी मासळी विकायला रोज बोईसरच्या बाजारात बसे. सगळं गाव तिला आय म्हणे, म्हणून मीही आयच म्हणते. आय लग्नात गाई. मांडव घालण्यापासून मुलगी सासरी निघेपर्यंतची सगळी गाणी तिला पाठ होती. ती आल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. एकदा तिला बाजारातून यायला उशीर झाला, तर नवरी दीड तास पाटावर ताटकळली होती म्हणतात.

प्रणवला वाटलं, आयची गाणी जपून ठेवावीत. तो लग्नात तिच्या गुडघ्याशी फोन धरून बसू लागला आणि घरी येऊन सगळं माझ्या स्वाधीन करू लागला.

“त्या डबीत भरून काय करशील?” आयने एकदा विचारलं.

“राहतील गं आय.”

“माज्यात हायेत ना! आनि आयक, कार्य नसताना ती वाजवायची नाय. बिनकार्याची हळद कोन लावतं काय अंगाला?”

आयचा हा नियम फार कडक होता. ती स्वतःही लग्नाशिवाय एक ओळ गुणगुणत नसे. म्हणून प्रणव गाणी माझ्याकडे देई आणि पुन्हा कधी ऐकत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. सांभाळणं हे माझं काम. वाजवणं दुसऱ्याचं.

या गाण्यांना नावं नव्हती, हेही तुम्हांला सांगायला हवं. मांडव घालताना म्हणायचं ते मांडवाचं, हळद लावताना म्हणायचं ते हळदीचं, मुलगी निघाली की पाठवणीचं. प्रणवनेही तशीच नावं दिली. प्रत्येक लग्नाचा एक फोल्डर, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच चार फाइली: मांडव, देवक, हळद, पाठवणी. नऊ वर्षांत अशी बावीस लग्नं माझ्यात जमा झाली. नावं तीच असली तरी गाणं तेच नसे. आय त्या त्या घरच्या होडीचं नाव त्यात गुंफी, नवरीच्या आत्याला चिमटा काढी, वारलेल्या आजोबांना हाक मारून मांडवात बोलावी. बावीस हळदी म्हणजे बावीस घरं होती.

दसऱ्याला घरातला कोयता, आयचा तराजू आणि मी अशा तिघांची एका पाटावर पूजा होई. आय माझ्या पाठीवर कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवी. “माजा गला हाय त्याच्यात,” असं ती शेजारणींना सांगे. तेव्हा मला माझा जन्म सार्थकी लागला असं वाटे.

मग दिवस पालटले. गाणी फोनवरच हवी तेव्हा ऐकू येऊ लागली आणि मला कुणी विचारेना. कप्प्यात माझ्या अंगावर जुनी बिलं आणि रिमोट पडू लागले. बिघडलेल्या चार्जरच्या वायरीही माझ्याच उशाला. तेवढंच असतं तरी चाललं असतं, मित्रांनो. नुसतं विसरलं जाण्याने जीव जात नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दुपारी प्रणवला घरातल्या गाण्यांची नीट मांडणी करायची हुक्की आली. नवा मोठा स्पीकर आणला होता. सगळी गाणी एका फोल्डरमध्ये असली की बरं, असं कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं होतं. त्याने बावीस लग्नांचे फोल्डर एकामागून एक उघडले आणि आतल्या फाइली ‘आयची गाणी’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये हलवायला घेतल्या. दुसऱ्याच लग्नाला संगणकाने विचारलं: या नावाची फाइल आधीच आहे, जुनीच्या जागी नवी ठेवू का?

प्रणवची बायको मेघाली शेजारी सुकट निवडत बसली होती. तिचं माहेर माकुणसारचं. “आयना इचारा ना एकदा,” ती म्हणाली.

“आयला काय समजतंय यातलं? हळद म्हंजे हळद. एकच गाणं बावीस येळा कशाला?”

आणि त्याने ‘सगळ्यांसाठी हेच करा’ यावर बोट दाबलं.

मी काय करणार? मला नाही म्हणता येत नाही. पहिल्या लग्नाच्या हळदीवर दुसरी बसली, दुसरीवर तिसरी. पाच मिनिटांत बावीस लग्नांच्या चार फाइली उरल्या, सगळ्या शेवटच्या लग्नाच्या. प्रणव खूश झाला. “बघ, किती जागा झाली!” असं म्हणून त्याने त्या आठवड्यातच माझ्यात सिनेमे आणि डीजेची गाणी गळ्यापर्यंत भरली.

आय तेव्हा ओट्यावर बसली होती, अगदी धडधाकट. त्या दिवशी जरी कुणी तिला सांगितलं असतं, तरी पुढल्या लग्नांत पुन्हा सगळं भरून घेता आलं असतं. पण कार्याशिवाय वाजवायचं नाही, म्हणून कुणी ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणून कुणाला कळलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. सगळं आहेच म्हणून प्रणवनेही नवं काही भरून घेतलं नाही, आणि वर्षभरातच आयला दम लागू लागला. ती लग्नात जाऊन नुसती बसे, गात नसे. गेल्या भाद्रपदात ती गेली.

तिची धाकटी मुलगी हिमानी पालघरला एका दवाखान्यात नोकरी करते. तिचं लग्न मनोरच्या मुलाशी ठरलं होतं. घरात कुणी गेलं की कार्य वर्षाच्या आत करायचं, म्हणून वैशाखातली तारीख धरली. मानपानाचं बोलणं झाल्यावर हिमानी भावाला म्हणाली, “दादा, मला दुसरं काय नको. माज्या हळदीला आयचा आवाज लाव. आता तर कार्य हाय ना?”

“लावतो. सगळं हाय आपल्याकडं,” प्रणव म्हणाला.

रात्रपाळीहून आल्यावर एका सकाळी त्याने मला पुसून केबल लावली. मी किती दिवसांनी फिरले! ‘आयची गाणी’ उघडलं. चार फाइली. तो वर गेला, खाली गेला, बावीस फोल्डर एकेक करून उघडले. सगळे रिकामे. मग त्याला ती दुपार आठवली असावी, कारण त्याचे हात कीबोर्डवरून खाली आले आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. मेघाली धावत आली. ‘मी सांगितलं होतं’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

दोघं मला घेऊन बोईसरला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन दिवस माझं पोट तपासलं. “भैया, डिलीट करके छोड़ देते तो निकल आता,” तो म्हणाला. “आपने ऊपर से इतना भर दिया, नीचे का कुछ बचा ही नहीं.” त्याचं खरं होतं. आयच्या पाठवण्यांवर मी सिनेमातल्या मारामाऱ्या लिहून बसले होते.

मेघालीने तरी हार मानली नाही. वही घेऊन ती घरोघर फिरली. लग्नात आयच्या मागे बसून गाणाऱ्या सगळ्या बायकांना ती भेटली. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या शैलामावशीने तिला जवळ बसवलं आणि बराच वेळ डोळे मिटून आठवून पाहिलं.

“पयली ओळ तिची असायची गो. आमी मागची धरायचो,” ती शेवटी म्हणाली. “चालीस वरसं मागची धरली. पयली कवा शिकलोच नाय. ती होती ना.”

मेघालीच्या वहीत तेवढी मागची ओळच आली.

हळदीच्या सकाळी मांडवामागे प्रणवने हिमानीला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने भावाचं मनगट धरलं. ते तिने सोडलं नाही. मग ती म्हणाली, “एक तरी उरलीय ना? ती लाव.”

“ती शेवटची हाय. शेजारच्या नीलेशच्या लग्नातली. त्यात डीजेच जास्ती हाय गं.”

“असू दे. लाव.”

हिमानी पाटावर बसली. बायका भोवती जमल्या. मी फिरू लागले. स्पीकरमधून आधी नुसता डीजेचा धडधडाट आला, पोरांची शिट्टी आली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्या गोंगाटाच्या तळातून आयचा आवाज आला, ओरडून ओरडून बसलेला, पण तिचाच.

“अरे पोरांनो, थांबा जरा. मना पयली ओळ तरी गाऊ द्या.”

डीजे थांबला नाही. आय खोकली. पुन्हा एकदा सूर लावायला गेली, तो मधेच बुडाला. “जाऊ दे बाय, हळद लावा,” असं ती कुणाला तरी म्हणाली, आणि फाइल संपली.

हळदीची वाटी हातात धरून मेघाली तशीच उभी होती. पदर तोंडाला लावून शैलामावशीने एकदा नाक ओढलं आणि सुरुवात केली, “लावा गो लावा, हलक्या हातानं लावा.” तिच्यामागून सगळ्या बायकांनी तेच धरलं. ही मागची ओळ होती. प्रत्येक वेळी ती संपली की त्या सवयीने थांबत, पहिल्या ओळीची वाट बघत. ती येत नसे. मग पुन्हा तीच म्हणत. हिमानीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मेघाली त्यावरूनच हळद लावत होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी आवाज माझ्यासारख्या एखाद्या डबीत असेल. त्याला धड नाव द्या, कुणाचा, कुठला, कधीचा ते लिहा. त्याची आणखी एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. यंत्राने काही विचारलं तर हो म्हणण्याआधी दोनदा वाचा. आणि ते माणूस अजून ओट्यावर बसलेलं असेल, तर मला राहू द्या कप्प्यात. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा आणि पहिली ओळ शिकून घ्या. माझ्यावर विसंबू नका. मी चांगली आहे, पण मी माणूस नाही.

त्या दिवशी प्रणवने बायकांचं गाणं भरून घेतलं. फाइलला पूर्ण नाव दिलं: हिमानीची हळद, आलेवाडी, पुढे तारीख आणि गाणाऱ्या सगळ्या बायकांची नावं. एक प्रत माझ्यात ठेवली, एक मेघालीच्या फोनमध्ये, एक हिमानीबरोबर मनोरला पाठवली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हाच. त्या गाण्याच्या आता तीन प्रती आहेत. पहिली ओळ एकीतही नाही.