उकंडरावासाठी प्रार्थना

उकंडराव चर्चच्या पायरीशी वाकून चपला काढायला लागला, तेव्हा दारात झेंडूचं तबक घेऊन उभ्या असलेल्या देवमनच्या तोंडचं पाणीच पळालं.

"प्रभूच्या घरात तुमचं स्वागत आहे" हे वाक्य त्यानं या दारात आजवर कुणाला म्हटलं नव्हतं? झोकांड्या खात आलेल्या दारुड्या रवीला म्हटलं होतं. शिरपूरचं जैन मंदिर शोधत चुकून इथं जऊळक्याला उतरलेल्या यात्रेकरूंना म्हटलं होतं, आणि ते बिचारे पहिलं गाणं संपेपर्यंत भिडेखातर बसलेही होते. एका नाताळला पहाटेच्या धुक्यात त्यानं एका कुत्र्यालासुद्धा म्हटलं होतं. दारावरची 'सर्वांचे स्वागत आहे' ही निळी पाटी त्यानंच रंगवलेली. आठवडाभर चक्कीवर लोकांचं पीठ दळून पांढऱ्या झालेल्या माणसाला रविवारचा हा मान म्हणजे काय असतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण सर्वांमध्ये उकंडरावही येतो, हे पाटी रंगवताना त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि गंमत म्हणजे, उकंडरावाला इथं आण म्हणून देवाच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस हा देवमनच!

दोघांची शेतं लागून. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, देवमनच्या बापानं लावलेला आंबा होता. उकंडरावानं नवा ट्रॅक्टर घेतला, तो धुऱ्यापाशी वळेना, म्हणून त्यानं आंबाच कापून टाकला. देवमन तेव्हा लग्नाला अकोल्याला गेला होता. परत येऊन बघतो तर खोड तेवढं उरलेलं. त्या दिवसापासून दोघांची बोलचाल बंद. उकंडराव असा हट्टी, की गावात चक्की असताना ज्वारीचं पोतं एस.टी.त टाकून दळायला शिरपूरला न्यायचा. देवमनची अडचण वेगळी होती. चर्चमध्ये दर रविवारी क्षमेवर बोलणं चालायचं, त्यामुळे त्याला उघडपणे वैर धरायची सोयच नव्हती. मग त्यानं वाट काढली. दर रविवारची मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना त्याच्याकडे होती, माइक त्याच्याच हाती असायचा, आणि छतावरच्या भोंग्याचं तोंड गावाकडे होतं.

"हे प्रभू," तो डोळे मिटून सुरू करायचा, "उकंडरावानं माह्या बापाचा आंबा कापला, धुरा सरकवला, रात्रभर बोअर चालवून माह्या हिरीचं पानी वढलं, तरी तू त्याले क्षमा कर. मी तर करतोच. त्याचं मन पालट, आन त्याले एक दिवस तुह्या पायाशी आन!"

यादीत दर आठवड्याला भर पडायची. स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर लोक कप हातात धरून थांबायचे. "बस ना गा, देवमनचं उकंडराव होऊन जाऊ दे," म्हणायचे. देवमनची बायको लिलाबाई मात्र घरी येऊन तोफ डागायची, "ते परार्थना व्हय का भांडन? माह्या जिवाले लाज वाटते!" देवमन शांतपणे म्हणायचा, "मी तं त्याच्या भल्यासाठीच मांगून राह्यलो."

अशी कितीतरी वर्षं गेली. मग चर्चला नवे पाळक आले, प्रसेनजित नावाचे, पोरसवदा, गोड बोलणारे. त्यांनी देवमनला बाजूला घेतलं. "काका, प्रार्थना छानच करता. फक्त नावं घेऊ नका. प्रभूला माणूस कळतो." देवमनला हे अजिबात पटलं नाही, पण पाळकांचा शब्द मोडायचा कसा? मागच्या रविवारी त्यानं फुगलेल्या गालांनी पावसासाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि ती इतक्या लवकर आटोपली, की ढोलकीवाला तंबाखूचा बार भरत होता तो भरतच राहिला.

आणि आज हा उकंडराव पायरीवर. आत गाणं सुरू झालेलं. देवमनला वाटलं, हा भांडायलाच आला. भोंग्यावरून अब्रू काढली म्हणून पोलिसात जाणार असेल. त्यानं तबक मागे घेतलं.

"कायले आला?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"पाटी वाचून आलो," उकंडराव धापा टाकत म्हणाला. "सर्वांचे लिहेल हाय ना? का माह्यापुरतं खोडतं?"

"भांडन कराचं असन तं बाहीर कर. इथं उपासना चालू हाय."

"भांडनच हाय. मागच्या रविवारी माहं नाव काहून नाही घेतलं?"



"खाट अंगनात टाकतो, चाय घेऊन बसतो, आन तुही वाट पायतो," उकंडराव म्हणाला. "तू पानी मांगतलं, खोकलेवाल्याची तब्येत मांगतली, आन आमेन करून मोकया! माहं नावच नाही!"

"तुले तं आनंद व्हाले पायजे."

"कायचा आनंद गा?" उकंडराव पायरीवरच बसला. गुडघा दोन्ही हातांनी धरून. "घरवाली गेली, कस्तुरा. पोरगा हरीओम पुन्याले, त्याचा फोन आला तं दोन मिनिटं. गावात मले कोनी मालक म्हनते, कोनी बुढेबाबा. उकंडराव म्हनून हाक मारनारं घरात कोनी राह्यलं नाही. आठवड्यातून एक डाव तुह्या भोंग्यावर नाव यायचं. शिव्यासंगं यायचं, पन यायचं ना! मागच्या रविवारी नाही आलं, तं मले वाटलं, मीच मेलो का काय."

एवढी वर्षं ज्याला दगड मारतोय असं देवमन समजत होता, तो माणूस ते दगड वेचून उशाशी ठेवत होता.

"एक सांगतो," उकंडराव बोट वर करून म्हणाला. "आंबा म्या कापला. खरं हाय. ट्रॅक्टर नवा होता, डोक्शात हवा होती. दर डाव तू त्याचं नाव काढतं, तवा लागते मले. लागू दे. पन धुरा म्या नाही सरकवला. तेवढं काढ. बाकी चालू ठेव."

देवमनचे कान तापले. धुरा सरकला नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. नुसत्या आंब्यानं प्रार्थनेला वजन येत नव्हतं, म्हणून त्यानंच तो धुरा जोडला होता आणि दर रविवारी डोळे मिटून देवासमोर खुशाल म्हटला होता.

तेवढ्यात लिलाबाई आतून बाहेर आली. दोघांकडे बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"द्या ना फूल! देवाले वर्सानुवर्सं मांगतलं, त्याले आन, त्याले आन. आनलं त्यानं. आता का वापस पाठोता?"

देवमननं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. कुत्र्याला म्हटलेलं वाक्य या माणसाला म्हणता येईना, याची त्याला स्वतःचीच चीड आली. फूल मुठीत धरून तो नुसता बाजूला सरकला. उकंडराव आत गेला. "बाटाले नाही आलो बरं का, लिलाबाई," तो जाता जाता म्हणाला. "माहे देव घरी हायेत."

"असू द्या ना भाऊ. बसा तुमी."

सतरंजीवर बसणं उकंडरावाच्या गुडघ्यांना जमेना. चर्चमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची दाराजवळ एकच, तीही देवमनची. देवमननं ती मुकाट्यानं पुढे सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसला. पाळक कृपेबद्दल बोलत होते. आपली लायकी नसताना जे मिळतं ती कृपा, असं ते म्हणाले. हे उकंडरावालाच लागू, असं वाटून देवमननं सवयीनं त्याच्याकडे मान वळवली, आणि मग एकदम खाली घातली.

प्रार्थनेची वेळ झाली. देवमन माइकपाशी गेला. पाळकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि हळूच म्हणाले, "घ्या काका. नाव घ्या."

"हे प्रभू," देवमन म्हणाला. "उकंडराव..."

"हाव, आलो ना," खुर्चीतून आवाज आला.

अख्खी मंडळी हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. देवमनला पाठ असलेली ती सगळी यादी आता एका शब्दानंही पुढे येईना.

"प्रभू, उकंडराव आज आला हाय," तो म्हणाला. "त्याचे गुडघे दुखते. त्याले आराम दे. घरी एकटाच असते, त्याच्याकडं ध्यान ठेव." मग त्यानं माइक तोंडाच्या आणखी जवळ ओढला. "आन धुरा त्यानं सरकवला नवता. ते म्या खोटं बोललो. तुह्यासमोर बोललो, गावासमोर बोललो. मले क्षमा कर. त्यालेही सांग, कराले."

"केली," उकंडराव मागून म्हणाला. "आमेन म्हन आता, लोकं बसेल हायेत."

उपासना सुटली. देवमन नेहमीसारखा दारात उभा राहिला. उकंडराव पायरीपाशी आला, तेव्हा देवमननं मूठ उघडली. झेंडू पार चुरगळला होता. त्यानं तो तसाच पुढे केला, हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "प्रभूच्या घरात तुमचं स्वागत आहे."

"आता जाऊन राह्यलो तवा?"

"मघाशी राह्यलं होतं."

उकंडरावानं फूल उलटंसुलटं करून पाहिलं. "कस्तुरेच्या फोटोले लावतो," तो म्हणाला. "तिले तुहा आंबा लय आवडे. म्या कापला तं दोन दिवस जेवली नवती." मग त्यानं चपलांमध्ये पाय सरकवले. "उद्या ज्वारी पाठोतो. बारीक दळजो, दात राह्यले नाही."

तो एक हात गुडघ्यावर ठेवत, दुसऱ्या हातात ते फूल जपत स्टेशनाकडच्या आपल्या घराकडे निघाला. लिलाबाईनं घरी जेवायला चला म्हणून हाक मारली, पण तो दिसेनासा होईपर्यंत देवमन रिकामं तबक घेऊन दारातच उभा होता.