भिंतीपलीकडची अढी

हरिहरकाकांचं बोलणं इतकं गोड की भाडेकरूला भाडं देताना आपणच उपकृत झाल्यासारखं वाटावं. माझा नवरा वरद मुंबईला नोकरीला, त्यामुळे हे गोड बोलणं ऐकायचा मान माझा एकटीचा.

घर आरे-वारेच्या रस्त्याला, चिऱ्यांचं. पुढे काका आणि उल्काकाकू, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी चार वर्षांची राही. राहीला जन्मापासून घाम येत नाही. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण घाम नाही म्हणजे अंग निवायला वाट नाही. बाहेर उकडलं की पोर आतल्या आत तापत जाते. उन्हाळ्यात हिला गार खोली हवीच, ती चैन नव्हे, औषध आहे, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. २००२ साली रत्नागिरीत भाड्याच्या घरात एसी शोधून मिळत नव्हता. काकांकडे होता, म्हणून तर हे घर घेतलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगो, एसी माझा, म्हणजे जबाबदारी माझी. तू निर्धास्त राहा."

मार्चभर मी निर्धास्त राहिले. खिडकीतला एसी जुना होता, पण खोली गार करायचा. त्याची पाठ मागच्या कोठीत निघायची आणि कोठीचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. मग आंबा उतरायला लागला आणि त्या दाराला कुलूप लागलं. आत आंब्याची अढी घातली होती, भाताच्या पेंढ्यात आंबे पिकत ठेवले होते. अढीत परक्या बाईचं पाऊल पडलं की आंबा सडतो, असा त्यांच्या घरचा समज. माझं त्यात काही अडत नव्हतं, म्हणून मी तिकडे फिरकले नाही.

पण त्याच दिवसांत एसी धापा टाकू लागला. वारा कोमट यायचा, मग घरघर करून बंद पडायचा, बऱ्याच वेळाने आपणहून सुरू व्हायचा. चौकटीच्या फटीतून गोड वास झिरपायचा. राही म्हणायची, "आई, भिंत गरम आहे." मी हात लावून पाहिला. खरंच गरम होती.

काका म्हणाले, "खारी हवा गो. यंत्र पण माणसासारखंच दमतं." मी पाठ सोडली नाही तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाला आणला. तो म्हणाला, मागची बाजू बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. काका म्हणाले, चावी बागेत राहिली. दुसऱ्यांदा आला तेव्हाही चावी बागेतच होती. तिसऱ्यांदा त्याला बोलावलंच नाही. मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. काका हसून म्हणाले, "एवढं तापू नकोस, सीझन संपू दे." मी ओली फडकी राहीच्या अंगावर घालत राहिले आणि दुसरं घर शोधत राहिले. मेमध्ये कोण घर देतंय?

त्या दुपारी एसी बंद पडला तो पुन्हा लागलाच नाही. काका पेट्या घेऊन बाजारात गेले होते. राहीने पाणी मागायचं थांबवलं, ते मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. अंग तव्यासारखं. मी तिला उचलून ओरडतच पुढच्या दारी धावले.

काकूंनी एक शब्द विचारला नाही. पोरीला माझ्या हातातून घेऊन विहिरीजवळच्या दगडी डोणीत, पाण्यात, गळ्यापर्यंत बुडवलं. रिक्षावाल्याला फोन केला. आणि रिक्षेची वाट बघत आम्ही तिथे ओल्याचिंब उभ्या असताना त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला.

"चल, बघून घे," म्हणाल्या. "मला आता हे झाकवत नाही."

चावी बागेत नव्हती. ती काकूंच्या कमरेला होती.

राहीला ओल्या फडक्यात गुंडाळून, खांद्यावर घेऊन मी कोठीच्या दारात गेले. आतून भट्टीची धग तोंडावर आली. पेंढा आणि आंबे एसीच्या पाठीपर्यंत रचलेले. जाळीला टेकलेला पेंढा तपकिरी पडला होता. कोठीची खिडकी बाहेरून पोती ठोकून बंद केली होती, धग जराही वाया जाऊ नये म्हणून.

"एसीच्या या गरमीने आंबा लवकर पिकतो," काकू म्हणाल्या. "बाजारात ह्यांचा माल पहिला जातो."

"राहीचं माहीत होतं ना त्यांना?"

"मी म्हटलं होतं गो. म्हणाले, आंब्याचे दिवस थोडे असतात. पोर सोसेल."

मला त्या क्षणी ती अढी पेटवून द्यावीशी वाटली. खरंच वाटली. पण रिक्षा आली.

वाटेत राहीला आकडी आली. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. संध्याकाळी ताप उतरायला लागला, पण तिने डोळे उघडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, ती तुम्हाला ओळखेपर्यंत मी काही बोलणार नाही. काकू कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसून तिच्या कपाळावरची घडी बदलत होत्या.

काका आले ते धुतलेला सदरा घालून. दारातच थांबले. "ऋजुता, चुकलं माझं. उद्याच्या उद्या नवीन एसी बसवतो," म्हणाले. आवाज तसाच गोड. मग ते काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "चल आता. कोठी उघडी टाकून आलीस तू. गुरं शिरतील."

काकूंनी फडकं पिळलं, घडी केली, राहीच्या कपाळावर ठेवली.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "आंबे बघा."

काका क्षणभर घुटमळले. एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. आणि ते खरंच गेले.