खालचा खण

"हो म्हणालं! अहो, हो म्हणालं!"

जुन्या फर्निचरच्या त्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. नक्षीच्या खुर्च्या, डाग पडलेले आरसे, तीन पायांची टेबलं सगळी भिंतीला लोटली होती आणि मधोमध मखमलीच्या चौथऱ्यावर एक सागवानी कपाट उभं होतं. काळंभोर, पितळी कड्यांचं, एकाखाली एक असे दोन रुंद खण असलेलं. एका बाईने त्याला विचारलं होतं, 'राहतं घर विकू का?' दुकानदाराने वरचा खण आत लोटला, आणि कुणी बोट न लावता खालचा खण सरसर बाहेर आला. बाईच्या डोळ्यांना धार लागली. लोकांनी हात जोडले. कपाटाला!

दुकानदाराला आता कुणी दुकानदार म्हणत नसे. तो लाकूडबाबा झाला होता.

"झाड सगळं ऐकतं, मंडळी," लाकूडबाबा डोळे मिटून सांगत होता. "दीडशे वर्षं हे लाकूड माणसांची सुखदुःखं ऐकतंय. तुमच्या प्लायवूडला काय कळणार? भुसा तो! भुशाला कुठली आलीय आठवण? खण आला तर हो, नाही आला तर नाही. मात्र वरचा खण मीच लोटणार. त्याला माझ्या हाताची ओळख आहे."

"ओळख म्हणे! कुत्रं आहे का ते?" दाराशी उभी असलेली ताई पुटपुटली. शेजारच्या गृहस्थाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याच्या वडिलांनाच शिवी दिली.

ताईचं औषधांचं दुकान होतं. भाचीचं इन्सुलिन महिन्याच्या महिन्याला तिथूनच जायचं. या खेपेला भाऊ न्यायला फिरकलाच नाही. तिने फोन केला तर म्हणाला, "बघू ताई. आता कदाचित लागणारही नाही." हल्ली तो सगळा वेळ लाकूडबाबाच्या दुकानात असतो, हे तिला ठाऊक होतं. तिने दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला शोधत थेट इथे आली.

भाऊ पहिल्या रांगेत होता. जुन्या लाकडाचा लहानपणापासूनचा वेडा. लोकांनी टाकून दिलेली खुर्ची हा डोक्यावर घेऊन घरी यायचा, महिनाभर घासायचा आणि तिच्यावर बायकोलासुद्धा बसू द्यायचा नाही. टिचकी मारून लाकूड ओळखायचा, सांधा बघून कारागिराचा हात ओळखायचा. असा हुशार माणूस! पण पोरीला सुई टोचायची वेळ आली की तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहायचा. लाकूडबाबाने बरोबर ती दुखरी नस पकडली. नव्या फर्निचरने घरात रोग येतो आणि जुना साग तो शोषून घेतो, असं सांगून त्याने भल्या किमतीला एक अवजड पलंग त्याच्या गळ्यात मारला. "मुलीला यावर निजव," म्हणाला. "सुया तूर्त थांबव, पुढचं कपाट सांगेल."

भाऊ पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमच्या सांगण्यावरून मुलीच्या सुया बंद केल्या. बरोबर केलं ना?"

केल्या! ताईचे कान बधिर झाले. लाकूडबाबाने खण लोटला. खालचा खण डौलात बाहेर आला.

"हो म्हणालं!" गर्दी ओरडली.

ताई कोपरं मारत पुढे घुसली. "कधीपासून बंद आहेत?"

"ताई? तू इथे..."

"कधीपासून, ते सांग!"

"परवापासून. ताई, तू चिडू नकोस, ती पलंगावर शांत झोपून असते..."

ताईने तिथूनच भावजयीला फोन लावला. पलीकडून रडवेला आवाज आला. पोर सारखं पाणी मागतेय, सकाळपासून उलट्या होताहेत, तोंडाला सडक्या फळासारखा वास येतोय.

"उचल तिला आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

"पण हे नको म्हणालेत, ताई. यांना विचारल्याशिवाय कशी नेऊ?"

ताईने फोन भावापुढे धरला. "सांग तिला. ने म्हणून सांग."

भावाने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे. "ताई, आत्ता तर हो म्हणालं ते. रोग बाहेर पडताना त्रास होतोच, बाबा म्हणाले होते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या पोटच्या पोरीपेक्षा याला एक कपाट जवळचं! समोर बाहेर आलेला तो खालचा खण तिने लाथेने आत ढकलला. त्यासरशी वरचा खण फटकन बाहेर उसळून तिच्या कोपराला लागला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. कपाटाला कुणी काही विचारलंच नव्हतं.

ताईने तो वरचा खण दोन्ही हातांनी धाडकन आत लोटला. खालचा बाहेर आला आणि तिच्या पायावर वाऱ्याची झुळूक लागली. लाकडाला फुंकर कुठून आली?

"बाई, बाजूला व्हा! कपाटातला आत्मा कोपेल!" लाकूडबाबा धावला.

"कोपू दे!" ताई म्हणाली आणि कपाटापुढे ठाण मांडून उभी राहिली. "कपाटा, हा माणूस भामटा आहे का?" तिने खालचा खण आत ढकलला आणि बाहेर आलेला वरचा जोरात लोटला. खालचा बाहेर आला. कुणीतरी खुदकन हसलं. "हा भला माणूस आहे का?" खालचा पुन्हा आत ढकलून या वेळी तिने वरचा खण गोगलगाईच्या चालीने हळूहळू आत सारला. खालचा जागचा हलला नाही. "झालं? जोरात लोटलं की हो, हळू लोटलं की नाही. म्हणून याला स्वतःच लोटायचा असतो!"

मग तिने कपाटामागे हात घातला. फळ्यांच्या प्रत्येक फटीत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या ठासून भरल्या होत्या. तिने त्या उपटल्या आणि पुढ्यात फेकल्या. मग वरचा खण बाहेर ओढून पुन्हा धाडकन लोटला. खालचा ढिम्म. आणखी एकदा लोटला. ढिम्म.

"गेला आत्मा," ताई म्हणाली. "फटीतून गेला."

"तुम्ही दुखावलंत त्याला, म्हणून गप्प झाला," मघाचा गृहस्थ चिडून म्हणाला. अशा माणसाला काय म्हणावं? ताईचं लक्ष भावाकडे होतं. तो गुडघ्यांवर बसून खणाच्या कडेवरून बोटं फिरवत होता.

"केसभरही फट नाही," तो पुटपुटला. "हवा कोंडणार, आणि कोंडली की दुसरा खण ढकलणार. ताई, हे मला कळायला हवं होतं गं. पहिल्याच दिवशी."

"हो, हवं होतं! आता फोन घे!"

त्याने फोन हिसकावून घेतला आणि ओरडला, "ने तिला! मी येतोय, तू पुढे हो, ने तिला!"

डॉक्टरीणबाईंनी भावाला दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभं करून झाडलं. "तुमच्या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरूनच द्यावं लागतं, रोज. आजचा दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती. कुणी सांगितलं बंद करायला?"

भावाला 'कपाटाने' म्हणवेना.

पोरगी वाचली. उठून बसायला लागली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "आत्या, तो खण खरंच कसा यायचा गं बाहेर?"

ताईने नर्सकडून सुया नसलेल्या दोन सिरिंज आणि नळीचा एक तुकडा मागून घेतला. दोन्ही तोंडं नळीने जोडली. "ही दाब." पोरीने एकीचा दट्ट्या आत दाबला. दुसरीचा बाहेर सरकला. तिने तो दाबला, पहिला बाहेर आला.

"एवढंच?"

"एवढंच. आत हवा कोंडलीय, तिला जायला दुसरी वाट नाही. नळी सैल केलीस की बंद."

पोरीने बापाकडे पाहिलं. "बाबा, विचारा ना काहीतरी. हेपण हो म्हणतं."

भाऊ कसाबसा म्हणाला, "मी तुझा जीव घ्यायला निघालो होतो का गं?"

पोरीने दट्ट्या दाबला नाही. सिरिंजा चादरीवर ठेवून दिल्या आणि त्याचा हात धरला. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली तेव्हा तो खिडकीशी गेला नाही. नर्सकडून शिकून त्याने ती स्वतः टोचली. नजर हलली नाही.

लाकूडबाबाचं दुकान? बंद होतंय कशाला! नमद्याच्या पट्ट्या पुन्हा ठासल्या गेल्या आणि तो गृहस्थ पुन्हा पहिल्या रांगेत हजर आहे. घ्या, जुनं फर्निचर जरूर घ्या. ज्याने हवा जाणार नाही असा खण घडवला, त्या सुताराला खुशाल नमस्कार करा, तो चमत्कार त्याच्या हाताचा होता. पण कुणी म्हणालं की खण मीच लोटणार, तर तिथेच त्याला बाजूला सारा आणि स्वतः लोटून बघा. जोरात लोटा, हळू लोटा, मागे हात घाला. आणि आजाऱ्याचं औषध बंद करायचं की नाही, हे डॉक्टरला विचारा. कपाट तुमच्या पोरीला दवाखान्यात नेणार नाही.