छुईखालचे शब्द

भिंती सारवायच्या ओल्या, पांढऱ्या छुईमातीचा वास आला की मला आई दिसते: कोपरापर्यंत पांढरे झालेले हात, दातांत धरलेला पदराचा शेव, आणि आश्विनातल्या कोवळ्या उन्हात निर्मळ चमकणारी भिलाईच्या कॅम्प एक या कामगारवस्तीतली आमच्या घराची भिंत. त्या निर्मळपणाच्या आठवणीने आजही आधी धास्ती वाटते आणि मगच हसू फुटतं.

त्या भिंतीवर बाबांचे शब्द होते. भिलाईचा पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. बांधकाम आटोपलं की बाबांसारखी ठेकेदाराची माणसं घरी जाणार, आणि भट्टीवर कायम व्हायचं तर साहेबांपुढे इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. ते जमलं नाही तर पुन्हा भंडाऱ्याकडचं गाव, आणि तिघा भावांना न पुरणारं धानाचं शेत. ज्यावर परीक्षा होती ते सुरक्षेचं जाड इंग्रजी पुस्तक कारखान्याबाहेर आणता येत नसे, म्हणून बाबा दर पाळीला दोन-तीन कठीण शब्द जिभेवर जपून आणत आणि डबा खाली ठेवण्याआधीच कोळशाने भिंतीवर उतरवत. वहीवर त्यांचा भरवसा नव्हता. वही उघडावी लागते, भिंत समोरच असते, असं त्यांचं म्हणणं. जेवताना, दाढी करताना एकेका शब्दाकडे बोट दाखवत त्यांचा आणि अर्थांचा घोष चाले. आई बाजूला बसून तांदूळ निवडत राही. तिला वाचता येत नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने ती भिंत सारवून काढली. दिवाळी तोंडावर आलेली, शेजारच्या छत्तीसगढी बायकांनी टोपलीभर छुई दिलेली, आणि नवरा एवढ्या मोठ्या कामाला निघताना घर काळं दिसू नये, एवढंच तिच्या मनात. कामावरून आलेले बाबा दारातच थिजले. निम्मे शब्द त्यांना पाठ होते, निम्मे भिंतीच्या भरवशावर होते.

"अवो, कावून पुसलं हे? उद्या साहेबाले काय सांगू मी?"

आईचा चेहरा उतरला. मग जिथे शब्द होता नेमकं तिथे, ओल्या भिंतीवर तिने बोट ठेवलं.

"इंटरमिटंट. मंजे थांबून थांबून. आपल्या नळासारखं, आला गेला, आला गेला." बोट पुढे सरकलं. "अक्युमुलेट. मंजे साचून राहनं. तुमच्या भट्टीत गॅस साचते तसं."

बाबा भिंतीसमोर बसले. "अजून सांग," एवढंच म्हणाले.

तिचं बोट खिडकीपासून चुलीपर्यंत गेलं आणि वाटेत एकही शब्द सांडला नाही. लोणच्यात मीठ मुरावं तसे ते ऐकून ऐकून तिच्यात मुरले होते.

दुसऱ्या दिवशी बाबा गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आले, "झालो पास! साहेबानं इंटरमिटंट इचारलं, अन् मी नळ सांगतला!" आई तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. कितीतरी महिन्यांनी आमच्या घराने मोकळा श्वास घेतला.

आता बाबा नाहीत, आईही नाही; त्या भिंतीवर रंगांचे किती थर चढले असतील कोण जाणे. काळ फार निगुतीने सारवतो. तरी त्यांतला एखादा शब्द कानी पडला की माझं बोट आपोआप हवेत एक जागा शोधतं, आणि ती अजून ओली असते.